‘यात नाव कुठंय?’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाने लिहिले आहे की, परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांना मुद्दाम नेत नाहीत, व्हिसाचे निमित्त सांगून वेळ मारून नेतात. तशी मुले असतील. दोन-तीन तर माझ्याच ओळखीची आहेत. पण व्हिसा म्हणजे नुसते निमित्त असे ज्यांना वाटते, त्यांनी आमची फाइल एकदा हातात घेऊन पाहावी. वजन साडेतीन किलो भरते. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिले आहे.

मी निवृत्त ग्रामसेवक. १९६९ साली सातारा जिल्ह्यात नोकरीला लागलो, २००६ साली अठ्ठावन्न पूर्ण करून घरी बसलो. मधल्या सदतीस वर्षांत सहा गावांचे दप्तर सांभाळले. गावचा जन्म-मृत्यू निबंधक मीच आणि १९९८ चा कायदा आल्यावर विवाह निबंधकही मीच. कागद नसलेल्या माणसाचे काय होते, हे टेबलाच्या या बाजूने पुष्कळ पाहिले होते. त्या बाजूला उभे राहायची वेळ सत्तरी उलटल्यावर आली.

मुलगा २००३ साली अमेरिकेला गेला. ओहायो राज्यात कोलंबसला असतो. लोक विचारतात, वीस वर्षे झाली, आईबापांना कायमचे का नेले नाही? त्याचे उत्तर त्याच्या हातात नव्हतेच. नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला आईबापांसाठी अर्ज करता येत नाही. ग्रीन कार्ड मिळाले तरी येत नाही. ग्रीन कार्डवाल्याला बायको आणि अविवाहित मुले नेता येतात, आईबाप त्या यादीत नाहीत. त्यासाठी तिथला नागरिकच व्हावे लागते. आणि नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या कोट्यात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नसल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग संपता संपत नाही. त्याला कार्ड मिळाले २०१६ साली, पुढे पाच वर्षे थांबून नागरिकत्व मिळाले २०२१ साली. तोवर मी त्र्याहत्तर वर्षांचा आणि सौ. सत्तरीची. एक गोष्ट मात्र त्यांच्या कायद्यात चांगली आहे. नागरिकाच्या आईबापांना कोटा नाही, रांग नाही. अर्ज मंजूर झाला की कागद तपासायला घेतात.

कागद. इथे आमचे गाडे रुतले.

२०१० साली नातवाच्या वेळी आम्ही सहा महिने जाऊन आलो होतो. तो पाहुण्यांचा व्हिसा. त्या वेळी मुंबईत खिडकीपलीकडच्या गोऱ्या बाईंना एकाच गोष्टीची खात्री हवी होती, ती म्हणजे आम्ही परत येणार. शेतीचा सातबारा, पेन्शनचे पुस्तक, घराचा उतारा सगळे नेले होते. त्यांनी काहीच पाहिले नाही, दोन प्रश्न विचारून व्हिसा दिला. जन्माचा दाखला कोणी मागितला नाही. या वेळी उलटे. परत येणार का, हे कोणी विचारले नाही. तुम्ही म्हणता ते तुम्हीच का, एवढेच सिद्ध करायचे होते.

मुलाने २०२२ च्या सुरुवातीला अर्ज भरले. नवराबायकोचा मिळून एक अर्ज होत नाही, आईचा वेगळा, बापाचा वेगळा. फी तेव्हा माणशी ५३५ डॉलर, पुढे व्हिसाची पुन्हा माणशी ३२५. २०२३ च्या वसंतात अर्ज मंजूर झाले आणि कागदपत्रे न्यू हॅम्पशायर राज्यातल्या त्यांच्या व्हिसा केंद्राकडे संगणकावरून पाठवायची झाली. माझे सगळे कागद एका फटक्यात पास. सरकारी नोकर ना मी. शाळेचा दाखला, सेवा पुस्तक, पेन्शनचा आदेश, सगळीकडे एकच नाव, एकच तारीख. सौ.ची फाइल दोनदा परत आली.

आता तिची कथा ऐका. कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावात तिचा जन्म. ते गाव धरणात गेले. धरण भरायला लागले तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिच्या भावकीतली निम्मी माणसे रायगड जिल्ह्यात पुनर्वसनाला गेली, तिचे वडील बिऱ्हाड घेऊन इकडे वर नात्यागोत्यात आले. जन्मगाव पासपोर्टवर आहे, नकाशावर नाही. जे गावच नाही, त्या गावचा जन्मदाखला कोणी द्यायचा?

माहेरचे नाव गोदावरी. घरात गोदी. लोकल बोर्डाच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली, त्या दाखल्यावर गोदावरी आणि जन्मतारीख १ जून १९५१. ही १ जून कुठून आली, हे माझ्या वयाच्या माणसाला सांगायला नको. पोराला शाळेत घालायला आणले की गुरुजी तोंडाकडे बघून साल धरायचे आणि तारीख सरसकट १ जून टाकायचे. आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी असतो.

१९७१ साली आमचे लग्न झाले. ताटात तांदूळ पसरले, सोन्याची अंगठी हातात दिली आणि भटजी म्हणाले, लिहा नाव. मी ‘मालती’ लिहिले. त्या वेळी मी दोन वर्षे ग्रामसेवकाची नोकरी केलेला माणूस. एका माणसाचे कायद्याने लावलेले नाव मी तांदळात अंगठीने पुसून टाकतो आहे, त्याची कुठे नोंद व्हायला हवी, असे माझ्या डोक्यातही आले नाही. पुढे रेशन कार्डावर मालतीबाई, मतदार यादीत मालन, बँकेत मालती. आणि १९७६ साली मुलगा झाला, त्याच्या जन्मनोंदीत आईचे नाव ‘सौ. मालती’. ती नोंद माझ्याच अक्षरात आहे. अमेरिकेचा अर्ज त्याच नोंदीवर उभा. म्हणजे मुलाच्या दाखल्यावरची आई मालती आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मलेली गोदावरी. या दोघी एकच, हे आता पन्नास वर्षांनी जगाला पटवून द्यायचे.

राजपत्रात नाव बदलाची जाहिरात दिली. शपथपत्र केले. लग्नाची नोंद केली. ती गंमत वेगळीच. आमच्या गावच्या ग्रामसेवकासमोर (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) मी अर्जदार म्हणून बसलो. फॉर्मवर पुरोहिताची सही लागते आणि तीन साक्षीदारांची. पुरोहित १९८४ साली वारले. लग्नपत्रिका? त्या वेळी आमच्याकडे हळद-कुंकवाची चिठ्ठी फिरायची, तीही कोणी ठेवली असेल तर शपथ. त्या पोराने मला नियम समजावून सांगितला. मी मुकाट्याने ऐकला. तो नियम मीच कित्येकांना ऐकवलेला. चार महिने फेऱ्या मारून, हयात असलेले दोन चुलतभाऊ आणि माझा मेहुणा उभे करून काम झाले. सौ. बाहेर येऊन म्हणाली, “एवढ्यात दुसरं लग्न झालं असतं.”

राहिला जन्म. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा अमलात येण्याच्या आधीच्या नोंदी म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. कोतवाल घरोघर फिरून सांगायचा आणि वहीत चढायचे, निम्मे मोडीत, निम्मे बाळबोधीत. हे जुने दप्तर तालुक्याच्या अभिलेख कक्षात असते, म्हणजे असायला हवे. पहिल्या तीन फेऱ्यांत मला ‘दप्तर सापडत नाही’ एवढेच ऐकायला मिळाले. कोणत्या कचेरीत, ते सांगत नाही. सगळ्या कचेऱ्या सारख्याच, आणि मी त्यांच्यातलाच आहे.

२०२३ च्या शेवटी कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुन्या वह्या बाहेर निघाल्या. धूळ झटकली गेली, स्कॅनिंग सुरू झाले. त्या गर्दीत मी पुन्हा गेलो आणि त्या बुडालेल्या गावाची वही टेबलावर आली. पाने जीर्ण झालेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. मोडी मला वाचता येते. १९५१ च्या पानांवर काही नाही. एक वर्ष मागे गेलो. फेब्रुवारी १९५०, माझ्या सासऱ्यांचे नाव, जात, पुढे एकच शब्द: ‘मुलगी’.

मला काय वाटले ते लिहीत बसत नाही. मी बोट ठेवून टेबलामागच्या मुलाला दाखवले. तो पंचवीस-सव्वीसचा असेल, सभ्य होता, आजोबा म्हणाला. नीट वाकून पाहिले आणि म्हणाला, “आजोबा, यात नाव कुठंय?”

संपादक महाशय, हे वाक्य माझे आहे. सदतीस वर्षे वापरलेले. १९८८ की ८९ साली एक विधवा बाई संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी वयाचा पुरावा मागायला आली होती. वहीत तिच्या बापाचे नाव होते, पुढे ‘मुलगी’. मी तिला म्हणालो, यात नाव कुठंय? ती आणखी दोनदा आली. मी दोनदा तेच म्हणालो. नियमाने मी बरोबर होतो. तिचे पुढे काय झाले मला माहीत नाही, कारण तिसऱ्या खेपेनंतर ती आली नाही.

आणि ही केवळ कोतवालाच्या काळातली गोष्ट नाही. बारसे व्हायच्या आधी नोंद होते, म्हणून नाव कोरे राहते. कायद्यात त्याची सोय आहे. वर्षाच्या आत नाव फुकट भरता येते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. ही सोय मी किती आईबापांना आपणहून सांगितली? विचारले त्यांना सांगितली. मुलाचे नाव भरायला लोक यायचे. मुलीचे भरायला कमी यायचे आणि मीही आठवण केली नाही.

असो. वहीतली नोंद नावाअभावी चालली नाही, म्हणून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला काढायचा ठरले. आपल्याकडच्या जुन्या नोंदींची अवस्था अमेरिकेच्या लोकांना ठाऊक आहे. असा दाखला, शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचे शपथपत्र, असे दिले तर ते ऐकतात. पण बहात्तर वर्षांच्या बाईच्या जन्माची माहिती असलेले वडीलधारे आणायचे कुठून? आईबाप गेलेले. शेवटी सौ.च्या एका आत्याचा पत्ता लागला. वय नव्वदच्या घरात, रायगड जिल्ह्यात कोयनेच्या विस्थापितांच्या वसाहतीत नातवाकडे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही दोघे गेलो. आत्याला दिसत कमी होते, आठवत सगळे होते. तारीख विचारली तर हसल्या. म्हणाल्या, “पैल्या मतदानाला गेलो तवा गोदी माझ्या कडेवर हुती. आदल्या पावसाळ्यातली. मी माहेरी हुते, मीच तिला पैल्यांदा न्हाऊ घातलं.” पहिले मतदान म्हणजे १९५२ चा जानेवारी. आदला पावसाळा म्हणजे १९५१. गुरुजींनी अंदाजाने साल बरोबर धरले होते.

मग मी वहीतल्या नोंदीचे सांगितले. फेब्रुवारी १९५० म्हणताच आत्या थांबल्या. “ती ही न्हवं. हिच्या आधी एक झाली हुती. सा म्हैन्याची हून गेली.” सौ. माझ्या शेजारी बसली होती. आपल्याला थोरली बहीण होती, हे तिला तिच्या बहात्तराव्या वर्षी कळले. आईने कधी सांगितले नव्हते. चहा आला, तो तसाच राहिला.

तालुक्याच्या गावी नोटरीकडे शंभराच्या मुद्रांकावर शपथपत्र झाले. इंग्रजीत लिहिलेले मराठीत वाचून दाखवले, आत्यांचा अंगठा घेतला. शाई पुसता पुसता त्या नातवाला म्हणाल्या, “मला लिवता येत न्हाई, तरी माझं खरं धरत्यात. मग लिवणाऱ्यांनी काय केलं?” मी तिथेच उभा होतो. उत्तर दिले नाही.

त्या अंगठ्यावर काम झाले. दरम्यान माझी मुलाखतीची तारीख एकट्याची आली होती, ती मुलाला सांगून पुढे ढकलली. बावन्न वर्षांच्या संसारानंतर मी एकटा जाऊन कोलंबसला काय करणार होतो? सप्टेंबर २०२४ मध्ये दोघांना मिळून बोलावणे आले. आदल्या आठवड्यात मुंबईत त्यांच्या ठरलेल्या डॉक्टरांकडे तपासणी, छातीचा एक्स-रे, राहिलेल्या लसी. मग वांद्रे-कुर्ला संकुलातला अमेरिकेचा वाणिज्य दूतावास. फॉर्ममध्ये ‘याआधी वापरलेली इतर नावे’ असा रकाना असतो. सौ.च्या त्या रकान्यात गोदावरी, मालतीबाई, मालन अशी तिन्ही भरली होती. अधिकाऱ्याने मराठी दुभाष्यामार्फत विचारले, एवढी नावे कशी? सौ.ने माझ्याकडे बोट दाखवले. तो हसला. पाच मिनिटांत संपले. तीन वर्षे आणि पाच मिनिटे.

डिसेंबरमध्ये गेलो. तिथले बरे-वाईट लिहायला हे पत्र नाही, पण जाणाऱ्यांनी काही गोष्टी आधी ऐकून ठेवाव्यात, कारण माझ्याकडे आता रोज कोणी ना कोणी फाइल घेऊन येते. ग्रीन कार्ड म्हणजे पेन्शन नव्हे. आमच्या खर्चाची हमी मुलाने लिहून दिली आहे. तो कायदेशीर करार आहे. घरातल्या सगळ्या माणसांचा हिशेब धरून गरिबीच्या रेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवावे लागते. त्याचे घरचे चार आणि आम्ही दोन, असा सहाचा हिशेब झाला. म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा पहिली पाच वर्षे मिळत नाही. तोवर खाजगी विमा, आणि त्याचे हप्ते ऐकून सौ.चे गुडघे दुखायचे थांबले. आणि ते कार्ड तिथे राहण्यासाठी आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर विमानतळावर प्रश्न, वर्ष उलटले तर कार्ड धोक्यात. २०१० साली ‘परत जाणार ना?’ म्हणणारे आता ‘इथेच राहता ना?’ म्हणतात. आम्ही दिवाळीला आलो आहोत, मार्चच्या आत निघावे लागेल. गावची जत्रा एप्रिलमध्ये असते. आमच्या घरात सध्या यावरून बोलणे बंद आहे.

आता सरकारकडे माझे मागणे. कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुके स्कॅन झाली, हे फार मोठे काम झाले. पण ती जातीच्या नोंदीसाठी शोधली गेली. त्याच पानांवर लाखो माणसांचे जन्म आहेत. गावनिहाय, सालवार सूची करून ती सगळ्यांना तालुक्याला पाहता येऊ द्या, प्रमाणित नक्कल ठरलेल्या दिवसांत द्या. धरणात गेलेल्या गावांची दप्तरे कोणत्या कचेरीत आहेत, याची एक यादी तरी लावा. कोयनेच्या माणसाने कुठे जाऊन विचारायचे, हे आजही कोणी छातीठोक सांगत नाही. आणि नोकरीत असलेल्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांनो, तुमच्या वहीत पंधरा वर्षांच्या आतली जी नावे कोरी आहेत, त्यांच्या घरी शिपाई पाठवा. लोक विचारायची वाट पाहू नका. मी पाहिली.

त्या रविवारच्या पत्रलेखकांना एवढेच सांगतो की, माझ्या मुलाने तीन वर्षे रात्री जागून आमचे कागद संगणकावर चढवले. उशीर झाला तो अमेरिकेच्या रांगेमुळे अर्धा आणि उरलेला माझ्या अक्षरामुळे.

गेल्या सोमवारी मी पुन्हा त्या तालुक्याला जाऊन आलो. फेब्रुवारी १९५० च्या त्या नोंदीची प्रमाणित नक्कल मागितली आहे. सौ.ची तशी इच्छा आहे, देवघरात ठेवायची म्हणते. अर्ज तिथेच टेबलावर भरत होतो. अर्जदाराचे नाव लिहिले, नाते ‘बहीण’ लिहिले. ‘नक्कल कोणत्या कारणासाठी हवी’ या रकान्यात काय लिहायचे ते सुचेना. तो मुलगा म्हणाला, कोरे ठेवले तर अर्ज घेता येणार नाही. म्हणून तो अर्धा भरलेला अर्ज घेऊन मी घरी आलो आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक, जि. सातारा
(नाव छापू नये ही विनंती.)